पंडिता रमाबाई : भाकरी देणाऱ्या बाईचे आभार राहून गेले, ते केडगावात फेडले

केडगाव (ता. दौंड) : पुणे-दौंड रेल्वेमार्गावरचं केडगाव स्टेशन आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे. स्टेशनजवळच मुक्ती मिशनचं मोठं आवार आहे. सव्वाशे वर्षं होऊन गेली, निराधार बायका, पोरकी मुलं, अंध मुली यांना इथं आसरा मिळत आला आहे. हे सगळं उभं केलं पंडिता रमाबाईंनी. ५ एप्रिल ही त्यांची पुण्यतिथी.

रमाबाई संस्कृतच्या मोठ्या पंडित होत्या, विधवांसाठी त्यांनी शाळा काढली, पुढे त्या ख्रिस्ती झाल्या, एवढं बहुतेकांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं. पण त्यांच्या आयुष्यात बाजरीच्या एका भाकरीची गोष्ट आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. ऐन दुष्काळात एका अनोळखी बाईच्या दारात जाऊन त्यांनी ती भाकरी मागून आणली होती. देणाऱ्या बाईनं मायेनं दिली. घेणाऱ्या रमेच्या तोंडून मात्र आभाराचा एक शब्दही निघाला नाही. केडगावचं काम समजून घ्यायचं असेल तर सुरुवात त्या भाकरीपासूनच करावी लागते.

आईनं पहाटे दिलेली शिदोरी

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. घराणं मंगळूरकडचं चित्पावन ब्राह्मणाचं. विद्यार्थी म्हणून ते पुण्यात राहिले होते. त्यांचे गुरू पेशव्यांच्या वाड्यात पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवायला जात. बाईमाणूस संस्कृत शिकू शकतं हे अनंतशास्त्रींनी तिथं पाहिलं आणि आपल्या बायकोलाही शिकवायचं असं मनाशी ठरवलं.

पहिल्या बायकोच्या वेळी घरच्यांनी ते होऊ दिलं नाही. ती वारल्यावर शास्त्रीबुवा यात्रेला निघाले. गोदावरीच्या काठी स्नानाला उतरले असताना तिथं यात्रेलाच आलेल्या एका गृहस्थानं त्यांची विचारपूस केली आणि आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना देऊन टाकली. शास्त्रीबुवांचं वय तेव्हा चाळिशीच्या पुढं होतं. आजच्या हिशेबानं ही गोष्ट अंगावर काटा आणणारी आहे. पण त्या काळात ती रीतच होती. ती मुलगी म्हणजे रमाबाईंची आई, लक्ष्मीबाई.

शास्त्रीबुवांनी लक्ष्मीबाईंना खरोखर संस्कृत शिकवलं. त्यावरून गावात वाद पेटला, तेव्हा पश्चिम घाटातल्या गंगामूळ इथं रानात जाऊन त्यांनी आश्रम बांधला. तिथंच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

आश्रमात विद्यार्थी यायचे, यात्रेकरू यायचे. आला त्याला जेवू घालायचं, हा घरचा नेम. त्या पाहुणचारात शास्त्रीबुवा कर्जात बुडाले. सगळं सोडून कुटुंब रस्त्याला लागलं तेव्हा रमा काही महिन्यांचीच होती. वेताच्या पेटीत तिला ठेवलेलं आणि पेटी एका माणसाच्या डोक्यावर, असा तिचा पहिला प्रवास झाला. पुढं वर्षानुवर्षं हे कुटुंब तीर्थाच्या गावी जायचं, देवळात पुराण सांगायचं आणि जे मिळेल त्यावर पोट भरायचं.

वडील थकले होते, म्हणून रमेला शिकवायचं काम आईनं घेतलं. दिवसभर घरकाम आणि चालणं. त्यामुळं आई भल्या पहाटे, अंधारातच, झोपलेल्या लेकीला गोंजारून उठवायची आणि श्लोक पाठ करून घ्यायची. भागवताचे हजारो श्लोक रमेला तोंडपाठ झाले ते असे. शाळा नाही, पाटी नाही. होती ती फक्त आई.

दुष्काळ आणि बाजरीची भाकरी

१८७० च्या दशकात दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. पुराण ऐकायला कुणी येईना, दक्षिणा कुठली मिळणार? डोंगऱ्यांच्या घरात कुणाला मजुरी माहीत नव्हती. विद्वान ब्राह्मणानं मोलमजुरी करायची नाही, भीक मागायची नाही, हा ताठा. जवळचे पैसे संपले, मग दागिने गेले, भांडी गेली. शेवटी सगळे रानात शिरले आणि झाडपाल्यावर दिवस काढू लागले.

आधी वडील गेले. मग आईनं अंथरूण धरलं. तापात आई बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागू लागली. घरात दाणा नव्हता. तेव्हा रमा उठली आणि शेजारच्या एका बाईच्या दारात जाऊन उभी राहिली. पण मागायला जीभ उचलेना. जन्मात कधी कुणापुढं हात पसरला नव्हता. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्या बाईनंच ओळखलं, काय हवं ते विचारलं आणि भाकरी हातावर ठेवली. लाज आणि उपकार दोन्ही एकदम दाटून आले. रमा एक शब्द न बोलता तशीच आईकडं पळाली.

आईला ती भाकरी खाता आली नाही. थोड्याच दिवसांत आईनं डोळे मिटले.

स्मशान दूर होतं. खांदा द्यायला माणसं मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली, ते पुढं झाले. तिसरा रमेचा भाऊ श्रीनिवास. चौथं कुणी नव्हतं, म्हणून रमा स्वतः तिरडीला लागली. उंची कमी पडत होती, त्यामुळं आईच्या तिरडीचा तो कोपरा तिनं खांद्यावर न घेता डोक्यावर घेतला. पुढं थोरली बहीणही गेली.

ही सगळी हकिगत रमाबाईंनी स्वतः पुढं आपल्या दुष्काळाच्या आठवणींत लिहून ठेवली आहे. भाकरी घेऊन न बोलता पळालो, हेही त्यांनी लपवलेलं नाही. कितीतरी वर्षांनी लिहिताना ते त्यांना आठवत होतं, यावरून ते मनात किती खोल रुतलं होतं ते कळतं.

कलकत्त्यात मान मिळाला, पण माणसं जात राहिली

उरले बहीण-भाऊ दोघं. पायी चालत, उपाशी राहत, थंडीत रात्री काढत त्यांनी हजारो मैलांचा मुलूख तुडवला. १८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. बाईला असा मान मिळणं ही त्या काळी मोठीच बातमी होती.

पण नात्यांच्या बाबतीत नशीब आडवंच होतं. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, म्हणून नोंदणी पद्धतीनं. १८८१ मध्ये मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीनं बिपिनबाबू गेले. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती.

नवऱ्याच्या पुस्तकांत रमाबाईंना एक छोटं बंगाली पुस्तक सापडलं होतं. ते लूकचं शुभवर्तमान. उत्सुकतेनं त्यांनी ते वाचलं. याच लूकच्या पुस्तकात दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. येशूनं दहाही जणांना बरं केलं, पण आभार मानायला परत आला तो एकटाच, आणि तोही परक्या जातीचा शोमरोनी. ख्रिस्ती घरांत मुलांना कृतज्ञता शिकवताना हीच गोष्ट सांगतात. ज्यानं दिलं त्याच्याकडं परत वळायचं, एवढाच तिचा अर्थ. रमाबाईंचं पुढचं आयुष्य पाहिलं की ही गोष्ट राहून राहून आठवते.

पुणे, इंग्लंड आणि बाप्तिस्मा

१८८२ मध्ये रमाबाई मुलीला घेऊन पुण्याला आल्या. प्रार्थना समाजाच्या लोकांनी, न्यायमूर्ती रानडे यांच्या घरानं त्यांना आधार दिला. त्यांनी आर्य महिला समाज काढला. हंटर कमिशनपुढं साक्ष देताना बायकांसाठी शिक्षिका हव्यात, स्त्री डॉक्टर हव्यात, असं ठासून सांगितलं. आपणही डॉक्टर व्हावं असं त्यांना वाटत होतं. इंग्लंडला जायला पैसे हवेत म्हणून त्यांनी स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहून छापलं.

१८८३ मध्ये दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन त्या बोटीत बसल्या. इंग्लंडमध्ये वाँटेज या गावी ख्रिस्ती सिस्टरांच्या मठात त्यांची सोय झाली. ऐकण्याचा त्रास असल्यामुळं डॉक्टरकीचा बेत मागं पडला. त्यातच सोबत आलेल्या मैत्रिणीनं तिथं जीव दिला. परका मुलूख, परकी भाषा, पदरात लहान पोर, असे ते दिवस होते.

लंडनच्या फुलहॅम भागात या सिस्टरांचं एक घर होतं. वाट चुकलेल्या, समाजानं टाकून दिलेल्या बायकांना तिथं ठेवून घेत, मायेनं सांभाळत. रमाबाईंनी ते पाहिलं आणि त्या थक्क झाल्या. अशा बाईला आपल्याकडं दारात कुणी उभं करत नाही, आणि इथं या बायका तिला बहीण म्हणतात, हे कशामुळं? तेव्हा एका सिस्टरनं त्यांना येशू आणि विहिरीवर पाणी भरायला आलेली शोमरोनी बाई यांची गोष्ट वाचून दाखवली. ती गोष्ट रमाबाईंच्या मनाला जाऊन भिडली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

इकडं पुण्यात मोठी खळबळ झाली. ज्यांनी आधार दिला होता त्यातल्या अनेकांना फसवल्यासारखं वाटलं. त्यांचा राग समजण्यासारखा होता. रमाबाईंच्या मनातली ओढही खरी होती. या दोन्हींमधली जखम पुढं कायम दुखत राहिली.

भांडण झालं, पण पत्रं थांबली नाहीत

वाँटेजला रमाबाईंची काळजी घेणाऱ्या होत्या सिस्टर जेराल्डिन. ख्रिस्ती धर्मात रमाबाईंनी त्यांना आईच्या जागी मानलं. पण या आईचं आणि लेकीचं बऱ्याचदा वाजलं. रमाबाईंना सगळं नीट समजून घेऊनच मान्य करायची सवय. चर्चनं सांगितलं म्हणून डोळे मिटून मान डोलवायला त्या तयार नव्हत्या. त्रैक्याच्या शिकवणीवर त्यांनी प्रश्नांवर प्रश्न विचारले. त्यांनी मांसमच्छर खाल्लं नाही, अंडं घातलेला गोड पदार्थही नाकारला. त्यावरून त्यांच्यात अजून जातीचा अभिमान आहे, असा ठपका आला. मनोरमेला कसं वाढवायचं यावरूनही मतभेद झाले.

पानंच्या पानं भरून पत्रं गेली आणि आली. काही पत्रांतली भाषा चांगलीच कडक आहे. पण एकीनंही दार लावून घेतलं नाही. रमाबाई आपल्या मताला चिकटून राहत, पण या बाईनं आपल्यासाठी आणि लेकीसाठी काय केलं ते कधी विसरल्या नाहीत. मनोरमेच्या लहानपणाचा बराच काळ जेराल्डिनच्याच मायेखाली गेला आणि मनोरमा त्यांना आजीबाई म्हणायची. भांडणाची ती पत्रंसुद्धा जेराल्डिन यांनी जपून, नीट लावून ठेवली. १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं ती पुस्तकरूपानं छापली. आज रमाबाईंबद्दल एवढं बारकाईनं कळतं, त्यात या जपून ठेवलेल्या पत्रांचा मोठा वाटा आहे.

उपकार केला म्हणजे माणूस विकत घेतला, असं नसतं. आणि पटत नाही म्हणून उपकार विसरायचे, असंही नसतं. दोन्ही गोष्टी या दोघींनी निभावल्या.

अमेरिकेतलं पुस्तक आईला वाहिलं

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या. निमित्त होतं आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाचं. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई डॉक्टर झाल्या. त्या कॉलेजच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी रमाबाईंना बोलावलं होतं. आनंदीबाई रमाबाईंच्या नात्यातल्याच. एक हिंदू धर्मातच राहिलेली, एक ख्रिस्ती झालेली, पण दोघींच्या नात्यात धर्म आडवा आला नाही. दुर्दैवानं पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८८७ मध्ये, आनंदीबाई पुण्यात वारल्या.

त्याच वर्षी रमाबाईंचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या हालांवरचं इंग्रजी पुस्तक निघालं. बालविवाह, विधवेचं जिणं, शिक्षणाचा अभाव हे त्यांनी जगापुढं मांडलं. हे पुस्तक त्यांनी कोणा राजाला किंवा धनवंताला वाहिलं नाही. ते वाहिलं आपल्या आईला. पहाटे उठवून शिकवणाऱ्या, बाजरीची भाकरी हातात असूनही उपाशी गेलेल्या लक्ष्मीबाईंना.

पुस्तक खपलं. रमाबाईंनी अमेरिकेत गावोगाव फिरून भाषणं दिली. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झालं आणि भारतातल्या शाळेला दहा वर्षं मदत द्यायचं ठरलं. मदत करणाऱ्यांत साध्या घरच्या बायका पुष्कळ होत्या. त्यांना हिशेब कळवणं, कामाची माहिती लिहून पाठवणं, यात रमाबाईंनी कधी कसूर केली नाही.

शारदा सदन : पहिली विद्यार्थिनी आणि मोठा घाव

१८८९ मध्ये रमाबाई परत आल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू केलं. इथं आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढच्याच वर्षी सदन पुण्याला हललं. हिंदू मुलींच्या जेवणाची, सोवळ्या-ओवळ्याची सोय त्यांच्या रीतीप्रमाणं ठेवलेली होती. कुणाला ख्रिस्ती करायचं नाही, असं ठरलेलं होतं.

पण रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या तेव्हा दार उघडं असायचं आणि काही मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात ओरड झाली. केसरीतून टीका झाली. रमाबाईंचं म्हणणं होतं की, मी कुणाला बोलावत नाही, पण येणाऱ्याला हाकलणारही नाही. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळी बाजूला झाली आणि वीस-पंचवीस मुलींना पालक घेऊन गेले. ज्या मुलींना पोटच्या पोरींसारखं वाढवलं त्या दारातून निघून गेल्या, तो दिवस रमाबाईंना फार जड गेला असणार.

याच वर्षी ११ मार्चला, सदनाच्या वर्धापनदिनी, गोदूबाईंचं लग्न धोंडो केशव कर्वे यांच्याशी झालं. विधवेचा पुनर्विवाह म्हणजे तेव्हा वाळीत पडायचं काम. या गोदूबाई म्हणजेच पुढं बाया कर्वे नावानं ओळखल्या गेलेल्या आनंदीबाई कर्वे. १८९६ मध्ये कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, तोच पुढं हिंगण्याला गेला आणि तिथून स्त्रीशिक्षणाची मोठी संस्था वाढली. त्या कामाच्या मुळाशी शारदा सदनाचा वाटा आहे. बाया कर्वे आयुष्यभर हिंदूच राहिल्या, पण शारदा सदनात आपल्याला दुसरं आयुष्य मिळालं हे त्यांनी कधी नाकारलं नाही.

पुन्हा दुष्काळ, या वेळी भाकरी देणारी बाई

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. बातम्या पुण्यात येऊ लागल्या. रमाबाईंचं वय तेव्हा अडतीस. हाताशी पैसा बेताचा, सदनातल्या मुलींचाच खर्च भागवताना ओढाताण. आपण काय करणार, असं त्यांनाही आधी वाटलं. पण स्वतःचे उपासाचे दिवस डोळ्यांपुढून हलेनात. शेवटी त्या निघाल्या.

दुष्काळी छावण्यांत त्यांनी जे पाहिलं ते भयानक होतं. हाडांचे सापळे झालेली पोरं होती. तरण्या मुलींना एक वेळच्या अन्नाचं आमिष दाखवून पळवणारी माणसंही तिथंच फिरत होती. एका वेळी किती मुली सांभाळता येतील याचा हिशेब न करता रमाबाईंनी त्यांना आणायला सुरुवात केली. तीनशेच्या आसपास मुली आल्या.

पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती. एवढ्या मुली शहरात ठेवायला परवानगी मिळेना. मग त्यांना कुठं न्यायचं? इथं केडगाव कामाला आलं.

केडगावची जमीन रमाबाईंनी त्याआधीच घेऊन ठेवली होती, सुमारे शंभर एकर. अमेरिकेची मदत दहा वर्षांपुरती होती. ती संपल्यावर संस्थेनं कुणाच्या तोंडाकडं पाहू नये, म्हणून फळबाग लावायची आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालवायची, असा त्यांचा बेत होता. आंबा, संत्री, लिंबाची झाडं लावली होती. नुसती माळरानाची जमीन, राहायला धड घर नाही. तंबू ठोकले, झोपड्या घातल्या आणि मुली तिथं आल्या. १८९८ मध्ये या जागेचं नाव मुक्ती ठेवलं गेलं.

१९०० मध्ये गुजरातेत छपन्नचा दुष्काळ पडला, आपल्या भागातही पाण्याची बोंब होती. रमाबाईंनी आपल्याकडं वाढलेल्या बायकांनाच गुजरातेत पाठवलं. काल ज्यांना छावणीतून उचलून आणलं होतं, त्यांतल्या काही आज दुसऱ्यांना उचलून आणायला निघाल्या. मुक्तीतली माणसं वाढत वाढत दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार माणसांचं रोजचं जेवण म्हणजे काय, हे लग्नकार्यात पंगती उठवलेल्या माणसालाच कळेल. आणि इथं तर रोजचीच पंगत होती. विहिरी खोदल्या. भाजीपाला, दूधदुभतं, तेलाचा घाणा, हातमाग, शिवणकाम, छापखाना, सगळं आवारातच सुरू झालं. प्रत्येक मुलीला अक्षरओळख आणि हाताला एक काम, हा नेम. आधी आलेल्या मुली नव्यानं आलेल्या मुलींना न्हाऊमाखू घालायच्या, त्यांच्या जखमा धुवायच्या. रक्ताचं नातं कुणाचंच कुणाशी नव्हतं. पण घर मात्र झालं.

समाजानं टाकलेल्या बायकांसाठी वेगळं कृपा सदन निघालं. फुलहॅमला जे पाहिलं होतं ते असं केडगावात आलं. अंध मुलींसाठी बार्तीमी सदन झालं. मनोरमा अमेरिकेत ब्रेल शिकून आली होती, तिनं अंध मुलींना बोटांनी वाचायला शिकवलं.

साध्या मराठीतलं बायबल आणि शेवटचे दिवस

आयुष्याच्या शेवटच्या अठरा-एक वर्षांत रमाबाईंनी आणखी एक काम हाती घेतलं. बायबलचं त्या वेळचं मराठी भाषांतर खेड्यातल्या बाईला कळत नव्हतं. ज्या पोथीनं आपल्याला आधार दिला ती अडाणी बाईलाही समजली पाहिजे, म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि एकटीनं सगळ्या बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. खिळे जुळवणं, छापणं, बांधणी, ही कामं मुक्तीतल्या मुलींनी केली. ज्यांना कधी अक्षर माहीत नव्हतं त्यांच्या हातून पुस्तक तयार होत होतं.

१९१९ मध्ये सरकारनं त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिलं. पण मोठं दुःख पुढंच होतं. मनोरमा हा त्यांचा उजवा हात. आपल्यामागं हीच सगळं बघेल, असं त्यांनी धरून चालवलं होतं. जुलै १९२१ मध्ये मनोरमा चाळीस वर्षांची असताना गेली. आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा आणि आता एकुलती एक लेक. रक्ताचं म्हणावं असं कुणीच उरलं नाही.

तरी रमाबाई प्रुफं तपासत राहिल्या. बायबलचं काम हातावेगळं करूनच त्यांनी ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावात देह ठेवला. वय त्रेसष्ट. संपूर्ण बायबल छापून बाहेर आलं ते १९२४ मध्ये. रक्ताचं कुणी नव्हतं, पण रडणाऱ्या लेकींनी मुक्तीचं आवार भरून गेलं होतं.

रमाबाईंच्या धर्मांतरावर तेव्हाही वाद झाले, आजही होतात. ज्याचं त्याचं मत ज्याच्या त्याच्यापाशी. पण त्यांनी केडगावच्या माळावर जे केलं ते वादाच्या पलीकडचं आहे. १९८९ मध्ये भारत सरकारनं त्यांच्या नावानं टपाल तिकीट काढलं. मुक्ती मिशनचं काम आजही चालू आहे.

राहता राहिली ती भाकरी देणारी शेजारीण. रमाबाईंनी तिची आठवण लिहिली, पण तिचं नाव त्यात नाही. कदाचित त्यांनाही ते ठाऊक नसावं. तिच्या दारात परत जाऊन आभार मानायचं राहूनच गेलं. त्याऐवजी रमाबाईंनी आयुष्यभर आपल्या दारात आलेल्या हजारो भुकेल्यांच्या हातावर भाकरी ठेवली. त्यांतल्या कित्येक पोरींनाही भाकरी हातात पडल्यावर बोलता आलं नसेल. त्यावर रमाबाई रागावल्या नसतील, एवढं नक्की.